चोनकाकांना गोष्ट माहीत नव्हती

७ जानेवारी, शनिवार

सूनबाईंचं, माइराचं, म्हणणं असं की, "आई, गावभरच्या भानगडी जेवताना सांगत जाऊ नका, पोरगी ऐकत असते." माइरा पहाटेपासून सफरचंदांच्या पॅकिंगला उभी असते, घरी आल्यावर तिला शांतता हवी, हे मला कळतं. पण मग मी सांगू कुणाला? म्हणून ही वही आणली. हिला तोंड नाही, तेवढं बरं.

गावात मला चौकशी खिडकी म्हणतात, तेही माहीत आहे. आमच्यात मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा होतो, त्याचे झगे शिवणाऱ्या बाईने चौकशा करू नयेत तर कुणी कराव्यात? माप घेताना माणूस हात वर करून उभा असतो. तेव्हा विचारलं की सगळं सांगतो.

काल शाळेत बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण झाला. लिंडक्विस्ट बाईंनी, म्हणजे माझ्या नातीच्या, यारेत्सीच्या दुसरीच्या बाईंनी, बेकरीतून चांगली हातभर लांब रोस्का, या सणाचा गोड पाव, आणली होती. वर सुक्या अंजिरांचे तुकडे, साखरेचे पट्टे, सगळं रीतसर. आईबापांना बोलावलं होतं मुलांच्या अभ्यासाचं बोलायला. वर्गभर खुर्च्या मांडलेल्या. आलं कोण? मी, यारेत्सी, चोनकाका आणि एक बाई, जिला खरं तर नर्सकडे जायचं होतं, ती चुकून आमच्या दारातून आत आली. चोनकाका आमचे शेजारी. जन्मभर सफरचंदांच्या बागा छाटल्या. बायको गेल्यापासून जिथे मी तिथे ते, कारण माझ्या चुलीवर कायम काहीतरी असतं.

रोस्का कापली आणि आत लपवलेला इवलासा बाहुला माझ्याच तुकड्यात निघाला. चोनकाकांना हसू आवरेना. बाईंना वाटलं मला बक्षीस लागलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "बाई, हे बक्षीस नाही, दंड आहे. ज्याला बाहुला सापडतो त्याने दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, सगळ्यांना मक्याच्या पानात उकडलेले तामालेस खायला घालायचे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"जे जे रोस्का खायला होते त्यांना."

बाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा बघितलं. "मग तुझं काम सोपं आहे," म्हणाल्या. बाई मला 'तू' म्हणतात. आमची, सीमेपलीकडची भाषा त्या मोठेपणी शिकल्या, 'तुम्ही'च्या धड्याला बहुतेक आजारी पडल्या असतील. मनाच्या चांगल्या आहेत.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. यारेत्सी वाचत नाही म्हणे. पुस्तक समोर ठेवून 'इथे काय लिहिलंय' विचारलं की मान खाली घालून बसते. शाळा सुरू झाल्यापासून हेच. फेब्रुवारी संपताना परीक्षा आहे, बाईंसमोर एकटीने मोठ्याने वाचायचं. नाही वाचलं तर पुढच्या वर्षी पुन्हा दुसरीत.

"घरी तिच्याबरोबर कुणी इंग्रजी वाचतं का?"

"बाई, आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नाही."

त्यांनी मान डोलावली, म्हणजे झालं, उत्तर मिळालं. मला राग नाही आला, पण जिव्हारी लागलं.

११ जानेवारी, बुधवार

एलिसेओला सांगितलं. माझा मुलगा छाटणीवरून येतो तेव्हा बोटं इतकी गारठलेली असतात की चमचा धरवत नाही. तो सूप ढवळत म्हणाला, "बाई म्हणतात तर बसू दे ना पुन्हा दुसरीत. त्या शिकलेल्या आहेत. आपण त्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही."

हे मीच त्याला लहानपणी सांगितलेलं. शाळा बाईंची, घर आपलं. मुलाला घरून स्वच्छ, जेवलेलं आणि सांगितलेलं ऐकणारं पाठवायचं, बाकी बाईंचं काम. यात चूक काय आहे? तरी माइराचं तोंड उतरलं. ती भांडी घासायला गेली आणि नळ बराच वेळ सुरू ठेवला.

यारेत्सी तशी कुणालाही हवीहवीशी वाटेल अशी पोर आहे. कांदेलारिया जवळ आली की घराघरांतल्या बाळ येशूच्या मूर्तीला नवे कपडे लागतात, त्यामुळे माझ्या टेबलावर सध्या तेरा-चौदा बाळं उघडी पडलेली आहेत. ही बाजूला बसून मणी ओवून देते. आज म्हणाली, "आजी, त्या बाहीचा टाका सुटलाय." मी म्हटलं, "दिसतंय गं मला. ज्याला माहीत आहे त्याला सांगायला जाऊ नये, आगाऊ दिसतं." लगेच गप्प. पुन्हा म्हणून सांगावं लागत नाही. हल्लीच्या मुलांत असं वळण कुठे बघायला मिळतं?

डोक्याने मंद आहे म्हणावं तर तसंही नाही. मशीन चालू असताना टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मी तो बंदच ठेवते. नुसती चित्रं हलतात आणि खाली त्यांची ती अक्षरं पळत असतात. चोनकाका विचारतात, "काय म्हणतोय गं तो टकल्या?" आणि ही सांगते, "तो म्हणतोय, तू माझ्या भावाला विहिरीत ढकललंस." पुढे बघावं तर खरंच विहिरीतून भाऊ निघतो. माणसांच्या चेहऱ्यावरून ओळखत असणार. माझ्यावर गेली आहे.

१९ जानेवारी, गुरुवार

माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. त्या खुर्च्या रिकाम्या का राहिल्या?

आज चायो आली, तिच्या बाळ येशूला पांढरं सॅटिन हवंय. तिच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी मी मांडीवर घेतलं, त्यामुळे आमचं नातं बहिणींपेक्षा घट्ट आणि भांडणंही तशीच. तिचा धाकटा यारेत्सीच्याच वर्गात आहे. मी विचारलं, "राजांच्या सणाला शाळेत का आली नाहीस?"

"मला कुठे बोलावलं?"

"कागद आला होता की."

"कागद!" मला टाके घालून देत बसलेल्या चायोने दातांतली सुई काढली. "कागद तर वीजवाल्यांचाही येतो. कागदावर कुणी कुणाकडे जातं का? दारात येऊन म्हणावं, बाई, या हं, तुमच्याशिवाय व्हायचं नाही. मग जातं माणूस."

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर काय, त्या विचारणार मुलाला घरी वाचून दाखवता का. मला काय येतं वाचायला? नुसतं लाजायला जायचं?"

मग ती एकदम म्हणाली, "पण तामालेसना बोलावलंस तर येईन. तुझा बाहुला निघालाय हे सगळ्यांना माहीत आहे. ते टाळलं तर वर्षभर पाप."

२८ जानेवारी, शनिवार

चार दिवस दारोदार फिरतेय. तयार कपडे पोचवायचे आणि तिथेच आमंत्रण द्यायचं, एका फेरीत दोन कामं. "तामालेस शाळेत आहेत, वर्गात. बाहुला शाळेत निघाला, तर फेडही शाळेतच व्हायला हवी." ही सबब मीच काढली, पण आता मलाही ती जुनी रूढी वाटायला लागली आहे. रोस्का खायला कोण होतं याची चौकशी कुणीही करत नाही. बाईंना विचारलं तर त्या इतक्या खूश झाल्या की मोठं भांडं ठेवायला टेबल स्वतः ओढून बघायला लागल्या.

आज यारेत्सी माझ्याबरोबर होती. परत येताना विचारते, "आजी, पुन्हा दुसरीत गेलं की कोट त्याच खुंटीवर लावायचा, की नवीन मुलांच्या?" मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं पुन्हा दुसरी?" तर गप्प. मोठी माणसं मुलांसमोर बोलतात आणि त्यांना वाटतं, मुलं नुसती मणी ओवतायत.

"तुला वाचायचं नाही का गं?" विचारलं. खांदे उडवले. "बाई रागावतात?" नाही म्हणाली. "मग?" घराजवळ आल्यावर म्हणाली, "बाईंना सगळं येतं, आजी. त्यांना सगळी पुस्तकं येतात."

याचा अर्थ मला लागला नाही. बाईंना पुस्तकं यायचीच की.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल काय गर्दी झाली! वर्ग पुरेना, पोरं खिडकीत, बाया पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून. चायोने सालसा आणला, माइरा पॅकिंगवरून सरळ तशीच आली, केसांची जाळी डोक्यावरच. एलिसेओसुद्धा आला, दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला आणि तिथून हलला नाही. बाईंनी आतोलेचे, मक्याच्या गरम गोड पेजेचे, पेले भरले. मुलं त्यांना ओढून ओढून आपापल्या आईकडे नेत होती. बाईंनी एकदाही अभ्यासाचा विषय काढला नाही, ते फार शहाणपणाचं केलं.

आता मुख्य गोष्ट. मी तिसरं भांडं उघडत होते. चोनकाका भिंतीपाशी यारेत्सीबरोबर उभे, भिंतीवर मोठा तक्ता. काका म्हणाले, "हे काय चिकटवलंय? इथे कुणी मेलंय की काय?" आणि यारेत्सी म्हणाली, "नाही काका. लिहिलंय, वर्गात पळू नका. दुसऱ्याचं बोलणं संपू द्या. पेन्सिलीला टोक करायचं तर आधी विचारा." बोट ठेवून, ओळ ओळ.

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. आधी वाटलं, पाठ असेल. मग काका पुढच्या कागदापाशी गेले. तो कासवाबद्दल होता, कुठल्याशा मोठ्या वर्गाने करून लावलेला. तोही तिने सांगितला. कासवं किती जगतात, अंडी कुठे घालतात. काका म्हणाले, "वाळूत? आणि मग बघायला पण येत नाहीत? काय आई आहे!" दोघं बराच वेळ त्या कासविणीला नावं ठेवत होते.

बाई तेव्हा पलीकडे चायोच्या नवऱ्याला खुर्ची देत होत्या. त्यांनी काही बघितलं नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधून आल्यावर मी पोरीला परीक्षेला बसवलं, तिला कळू न देता. चौकशी खिडकीचा कधीतरी उपयोग व्हावा.

आधी सूपचा डबा पुढे धरला, वर टोमॅटोचं हे एवढं चित्र. "काय लिहिलंय गं?" गप्प. माझ्याकडे अशी बघते की आजीला वेड लागलं.

मग चर्चचं गाणं. कागदावर छापलेलं, मला तोंडपाठ आहे हे तिला माहीत आहे. "हे वाच." मान खाली.

दोऱ्याच्या नव्या रिळाची चिठ्ठी घेतली. ती मला खरंच कळत नव्हती आणि कळायला हवीही होती, कारण तो दोरा पाण्यात आकसतो की काय अशी मला शंका होती. "अगं, हे कसं धुवायचं ते लिहिलंय का बघ." लगेच म्हणाली, "गार पाण्यात. पिळायचं नाही. इस्त्री कमी." धडाधड. आधी इंग्रजीत, मग मला कळेल असं.

शेवटी, माझीच खात्री व्हावी म्हणून, पुन्हा तीच चिठ्ठी पुढे केली. "काय म्हणालीस, कसं धुवायचं?" तर म्हणते, "सांगितलं की, आजी."

म्हणजे हिला वाचता येतं. उत्तम येतं. पण समोरच्याला जे माहीत आहे ते ही त्याला सांगत नाही. आणि बाईंना सगळं माहीत आहे! पुस्तक त्यांचं, वर्षानुवर्षं तेच शिकवतात, आणि वर विचारतात, इथे काय लिहिलंय. पोर बिचारी काय सांगणार?

हे कुणी शिकवलं असेल तिला? मी बराच विचार केला. माइराची आई. तिच्या खिकिल्पान गावची माणसं अशीच, नको तिथे शिस्त. मागच्याच्या मागच्या नाताळात ती दोन महिने राहून गेली तेव्हाच हे घुसवलं असणार. माइराला बोलणार नाही, उगाच वाईट वाटेल.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आपण बाईंच्या कामात नाक खुपसत नाही. आज खुपसलं. शाळा सुटल्यावर गेले, सोबत उरलेल्या सॅटिनचा रुमाल शिवून नेला, रिकाम्या हाताने कसं जाणार?

सगळं सांगितलं, सूपचा डबा, दोऱ्याची चिठ्ठी, कासव. बाईंच्या कपाळावर आठ्या. "पण शिक्षक असंच विचारतात. मला माहीत असतं, तरी मी विचारते."

"कशाला?"

मी खवचटपणे नव्हतं विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझं वय बासष्ट, मी आयुष्यात कुणाला मला माहीत असलेली गोष्ट विचारली नाही. माहीत नसलेल्याच इतक्या आहेत.

बाई म्हणाल्या, "मुलाला येतं का ते बघायला."

"म्हणजे तुम्हाला पुस्तकातलं हवं नसतं, मुलाच्या पोटातलं हवं असतं."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, माझ्या वर्गात असे आणखी चौघं-पाचजण आहेत. चायोच्या धाकट्याचं नाव त्यांनी सगळ्यात आधी घेतलं.

मी म्हटलं, परीक्षेला मला आत बसवा, मला इंग्रजीचं ओ की ठो येत नाही, ती मला वाचून दाखवेल. बाई आशेने मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि पडेल तोंडाने परत आल्या. परीक्षेला घरचं माणूस चालत नाही. मुलीने शिक्षकासमोरच वाचायचं, तेही तिने कधी न पाहिलेलं पान. हा नियम सगळ्यांना एकच.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज बाईंनी एक युक्ती केली आणि ती सपशेल पडली. मला माइराकडून कळलं, तिला यारेत्सीकडून. बाईंनी चष्मा पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "यारेत्सी, मला आज अजिबात दिसत नाही, हे वाचून दाखव बरं." यारेत्सीने जाऊन पर्समधून चष्मा काढून दिला.

घरी मात्र रडली. म्हणाली, बाई माझ्याशी खोटं बोलल्या. माइरा हे सांगत माझ्या मशीनशी येऊन बसली. "आई, आता नऊच दिवस उरलेत. एलिसेओ तर म्हणतो, जाऊ दे. पण ती पुन्हा दुसरीत बसली तर तिला वाटेल आपल्याला काही येतच नाही. आणि मग खरंच यायचं थांबेल."

मी हातातलं शिवण बाजूला ठेवलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

१५ फेब्रुवारी, बुधवार

मी किती मूर्ख बाई आहे! घरचं माणूस चालत नाही. चोनकाका कुठे आमच्या घरचे आहेत?

धावत गेले. ते खिडकीत छाटणीच्या कात्रीला तेल घालत बसले होते, कात्रीला आता काहीच काम नाही तरी. म्हटलं, "काका, तुम्हाला शाळेत जायचंय."

"आता? या वयात?"

"यारेत्सीची परीक्षा आहे. तुम्ही नुसतं बसायचं आणि ऐकायचं."

"मला तिथलं काही कळायचं नाही, ओबदुलिया. मला ना त्यांची भाषा, ना आपली लिहिता येते. कशाला पोरीची शोभा करतेस?"

"काका, तुम्हाला काही येत नाही म्हणूनच तुम्ही हवे आहात."

यावर माणूस चिडेल. काका चिडले नाहीत. कात्री पुसत राहिले. म्हणाले, "पस्तीस वर्षांत या गावात असं कुणी म्हटलं नव्हतं. शर्ट कुठला घालू?"

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुख्याध्यापकांनी डोकं खाजवत होकार दिला. शेजारी बसला तर नियमात कुठेच ना नाही. अटी तीन: पानाला हात लावायचा नाही, शब्द सुचवायचा नाही, आणि गप्प बसायचं. पहिल्या दोन अटी काका तोडूच शकत नाहीत. तिसरीची मला धास्ती आहे.

यारेत्सीला एवढंच सांगितलं की चोनकाका येणार आहेत, त्यांना गोष्ट माहीत नाही. ती म्हणाली, "कुठली गोष्ट?" मी म्हटलं, "मलाही माहीत नाही गं." हे खरं होतं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

मी बाहेर होते, दाराच्या चिंचोळ्या काचेशी. नाक काचेला लावल्यामुळे मधूनमधून वाफ पुसावी लागत होती. ऐकू काहीच येत नव्हतं, ते एक नशीबच, नाहीतर मीच आत गेले असते.

टेबलाच्या एका बाजूला बाई, हातात पेन्सिल, पुढे खुणा करायचा कागद. समोर यारेत्सी, मी शिवलेला निळा झगा. तिच्या शेजारी चोनकाका, लग्नातला शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, हात मांडीवर.

बाईंनी पुस्तक उघडून ठेवलं. यारेत्सीने पुस्तकाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि मान खाली घातली. मग काकांनी मान लांब करून पानाकडे बघितलं. त्या पानावर एक चित्र असणार, कारण त्यांनी डोळे बारीक केले, आणि मग भुवया वर करून पोरीकडे बघितलं, जसं टीव्हीसमोर बघतात.

तिचे ओठ हलले. एकदा हलले आणि मग थांबलेच नाहीत.

ती एक ओळ वाचायची, मग काकांकडे वळून काहीतरी सांगायची, मग पुढची. बाईंनी कागदावर खुणा करायला सुरुवात केली, टिक, टिक. थोड्या वेळाने पेन्सिल थांबली आणि हलेचना. खुणा करण्यासारखं काही उरलं नाही म्हणजे चुकलं, असंच वाटलं. माइरा पॅकिंगवर, एलिसेओ बागेत, त्यांना संध्याकाळी काय सांगू याची मी मनात वाक्यं जुळवायला लागले.

तेवढ्यात काकांनी हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, सरळ. तिसरी अट मोडली!

बाई काहीतरी म्हणाल्या. यारेत्सीही काहीतरी म्हणाली. मग पुन्हा वाचायला लागली, पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग बाईंनी पुस्तक मिटून आपल्याकडे घेतलं. काका उठले नाहीत. पुढे काय झालं ते दिसलं नाही, कारण काचेवर पुन्हा वाफ धरली आणि मी रुमाल शोधत होते.

दार उघडलं तेव्हा आधी बाई बाहेर आल्या. "तिसरीत जाणार," म्हणाल्या. मला मिठी मारली, मग म्हणाल्या, "तू त्यांना विचार, ते दर गुरुवारी येतील का? आणि त्यांच्यासारखे अजून कुणी आहेत का?" मी म्हटलं, "बाई, ज्यांना काही येत नाही असे मी तुम्हाला ट्रक भरून देते." तिथेच भिंतीला टेकून रडले. लाज वाटली नाही.

संध्याकाळी काकांना जेवायला बसवलं. माइराने त्यांना दोनदा वाढलं. एलिसेओने न विचारता त्यांच्या पेल्यात दारू ओतली. मी म्हटलं, "आता नीट सांगा. काय झालं आत?"

"खेचर होतं," काका म्हणाले. "ते पुलावरून जाईना. मालकाने ओढलं, शिव्या दिल्या, गाजर दाखवलं. नाहीच. मी हात वर केला, म्हटलं, फळी सैल असणार, खेचराला पायाला कळतं, माझ्याकडे होतं तसलं. तर ही म्हणते, काका, थांबा, पुढे आहे. आणि पुढच्या पानावर फळीच सैल निघाली!"

"काका, पोरीचं सांगा."

"तिचंच सांगतोय. फळी निघाली, तिथे बाईंनी पुस्तक मिटलं. परीक्षेला एवढं पुरे म्हणाल्या. म्हटलं, वा, आणि खेचर? ते त्याच काठावर उभं? मला कळल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही."

"मग?"

"मग हिने बाईंच्या हातातून पुस्तक घेतलं."

एलिसेओने माझ्याकडे बघितलं. मोठ्या माणसाच्या, त्यातही बाईंच्या हातातून, न विचारता. आमच्या घरात असं कधी झालं नाही. यारेत्सी ताटाकडे बघत होती, कान लाल, माझ्या तोंडून काय निघतं याची वाट बघत.

"घेतलं आणि?" मी विचारलं.

"आणि पान शोधून वाचायला लागली," काका म्हणाले. "बाई काय करणार? त्याही ऐकत बसल्या."